हुबेहूब दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका: संग्राहकाने कायद्याचं काय करायचं?

अडगळराव
मला न उडणाऱ्या बंदुका जमवायचा नाद आहे. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या, नळी आतून बंद, वजन मात्र खऱ्याच्या जवळपास. घोडा मागे ओढता येतो, चाप दाबला की खट्ट होतं, विषय संपला. शिवाय टिकल्यांच्या जुन्या बिडाच्या पिस्तुलांचं एक वेगळं कपाट आहे, ते माझं जास्त लाडकं.

आता कामासाठी देश बदलायचा योग दिसतोय. ब्रिटन किंवा कॅनडा, अजून पक्कं नाही. सामानाची यादी करताना गाडं या कपाटांपाशी अडलंय. नुसतं घरात ठेवणं गुन्हा आहे का? सोबत नेता येईल का? आणि काही नगांच्या नळीला केशरी टोक आहे, ते काढलं तर चालतं का?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. ज्या वस्तूतून काही बाहेर पडतच नाही तिला शस्त्राचे नियम लावणं मला हास्यास्पद वाटतं.

टिकली_फटाका
पहिला! आता प्रश्न वाचतो.

रेनकोट
ब्रिटनपुरतं मी सांगतो, इथे येताना मीही या चक्रातून गेलोय.

मूळ कायदा २००६ चा, व्हायोलंट क्राइम रिडक्शन अ‍ॅक्ट. त्यातली ही कलमं १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झाली. खऱ्या बंदुकीपासून व्यवहारात वेगळी ओळखूच येणार नाही अशी नक्कल बनवणं, विकणं, देशात आणणं किंवा साध्या नकलेत फेरफार करून तिला हुबेहूब करणं, हे गुन्हे. नीट बघा, यात 'घरात ठेवणं' नाही. आधीपासून ज्यांच्या कपाटात आहेत त्यांच्या आजही आहेत. पण तुम्ही बॅगेत घालून विमानतळावर उतरलात की ते 'देशात आणणं' झालं. माझीच जुनी आहे, विकायची नाहीये, हे सांगून सुटका नाही.

बचाव आहेत. संग्रहालय, नाटक, सिनेमा, टीव्ही, जुन्या लढाया वेशभूषेसह उभ्या करणारी मंडळं, सरकारी सेवा. पुढे नियम करून एअरसॉफ्ट (नकली बंदुकांतून प्लॅस्टिकचे छर्रे मारायचा खेळ) खेळणाऱ्यांनाही त्यात घेतलं. 'घरी काचेच्या कपाटात मांडणारा हौशी माणूस' या यादीत कुठेच नाही. मला तरी ते जरा अन्यायाचं वाटतं, पण आहे हे असं आहे.

केशरी टोकाचं उत्तर याच्यातच आलं. टोक काढून किंवा काळा रंग मारून नग खऱ्यासारखा झाला, तर तुम्ही 'फेरफार' केलात. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वस्तूवर केलात तरीही.

जुनाट_खटका
रंग आणि मापाचा मुद्दा राहिला, रेनकोट. ब्रिटनच्या नियमांत लाल, केशरी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा, निळा असे भडक रंग किंवा पूर्ण पारदर्शक अंग असेल तर ती नक्कल 'अवास्तव' धरतात. तसंच ३८ मिमी उंची आणि ७० मिमी लांबीपेक्षा लहान असेल तरी. पण अशी रंगीत झाली म्हणजे सगळं मोकळं असं नाही. ती अजूनही 'नक्कल' आहेच. १८ वर्षांखालच्याला विकता येत नाही आणि योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी घेऊन फिरता येत नाही. रंगीत असो, काळी असो.

शेंडेफळ
म्हणजे गुलाबी मशीनगन घेऊन संग्रह करायचा. अडगळराव, आता कपाटाला पडदेही त्याच रंगाचे शिवा.

मेपलपान
आता कॅनडाचं ऐका आणि ब्रिटन बरं म्हणा.

इथे फौजदारी संहितेतच 'रेप्लिका फायरआर्म'ची व्याख्या आहे. खऱ्या बंदुकीशी तंतोतंत किंवा जवळपास तंतोतंत जुळणारी, पण स्वतः बंदूक नसलेली वस्तू. तिला 'प्रोहिबिटेड डिव्हाइस' या गटात टाकलंय, म्हणजे थेट बंदी घातलेल्या सुट्या भागांच्या रांगेत. १ डिसेंबर १९९८ रोजी ज्यांच्याकडे होत्या त्यांना ठेवायची मुभा मिळाली. त्यानंतर आयात नाही, विक्री नाही, घरी बनवणं नाही. तुमच्या सामानात सापडली तर सीमेवर ती तर जाईलच, वर पुढची उत्तरं देत बसावं लागेल.

एकच दार उघडं आहे. 'अँटिक' बंदुकीची नक्कल या व्याख्येतून वगळली आहे, आणि इथली रेषा १८९८ ची आहे. गारगोटीच्या चापाचं पिस्तूल किंवा तोड्याची बंदूक असेल तर प्रश्न येत नाही.

गंमत म्हणजे इथे परवाना काढून खरी रायफल घेता येते, पण तिची न उडणारी नक्कल बाहेरून मागवता येत नाही. यावर मी अनेकांशी वाद घातलाय, कोणीही मला पटेल असं उत्तर दिलेलं नाही.

अडगळराव
मेपलपान, हे मला खरंच माहीत नव्हतं. खरीला परवाना आहे, नकलीला परवानाच नाही?

मेपलपान
साध्या संग्राहकासाठी नाही. सिनेमाला सामान पुरवणारे वगैरे परवानाधारक व्यावसायिक वेगळे.

सुताराचा_मुलगा
धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. ज्याला दरोडा घालायचाय तो काय कपाटातली पितळी मुठीची नक्कल शोधत बसणार आहे? तो चाकू घेईल. भरडला जातो तो सरळ माणूस. पावती ठेवणारा, काच पुसणारा, धाग्यावर येऊन परवानगी विचारणारा.

उंबरठा
सुतारभाऊ, मोठा भाऊ पोलिसात आहे म्हणून दुसरी बाजू सांगते. रात्री दहा पावलांवरून नळी भरीव आहे की पोकळ हे दिसत नाही. दिसतो तो आकार आणि हाताची हालचाल. समोर पिस्तूल धरलेल्या दुकानदाराला, बँकेतल्या माणसाला तर ते तपासायची सोयच नाही. त्याच्यापुरतं पिस्तूल खरंच होतं. कायदा त्याची भीती मोजतो. तुमची वस्तू उडते की नाही हे नंतर प्रयोगशाळेत कळून त्या माणसाला काय उपयोग?

आणि चाकूचं म्हणाल तर चाकूवरही कायदे आहेतच की.

सुताराचा_मुलगा
उंबरठाताई, ते रस्त्यावरचं झालं. रस्त्यावर घेऊन फिरणाऱ्याला खुशाल शिक्षा करा, माझी ना नाही. मी बोलतोय कपाटाबद्दल. कपाटातलं पिस्तूल कोणाला भीती घालतं?

उंबरठा
कपाटातून ते रस्त्यावर यायला किती वेळ लागतो? घरात पोरं आहेत, भाचे आहेत, घरफोडी होते. मी बंदी घाला असं म्हणत नाहीये. कुलूप लावा एवढंच म्हणतेय.

पश्चिमवारा
उंबरठा यांच्या मुद्द्याला धरून अमेरिकेचं सांगतो, कारण केशरी टोकाचा उगम इथला.

१९८७ साली लॉस अँजेलिसच्या एका वाहिनीवर बातम्या थेट चालू असताना एक माणूस स्टुडिओत घुसला आणि निवेदकावर पिस्तूल रोखून स्वतःचं निवेदन वाचायला लावलं. पिस्तूल खेळण्यातलं निघालं. त्या सुमारास अशा नकलांवर बराच गदारोळ झाला आणि १९८८ मध्ये संघराज्याचा कायदा आला. अंमल ५ मे १९८९ पासून. खेळण्यातली किंवा बंदुकीसारखी दिसणारी वस्तू बनवताना, आयात करताना, विकताना, पाठवताना नळीच्या तोंडात भडक केशरी बूच हवं, आणि ते तोंडापासून ६ मिमीपेक्षा आत नको.

संग्राहकांसाठी महत्त्वाचं हे की १८९८ पूर्वीच्या बंदुकांच्या न उडणाऱ्या संग्राह्य प्रतिकृतींना यातून सूट आहे. म्हणून १८७३ च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शनची धातूची नक्कल इथे बिनबुचाची मिळते, आणि १९११ च्या कोल्टची नक्कल घेतली की तोंडाला केशरी रंग येतो. पारंपरिक छर्र्यांच्या हवाई बंदुका आणि पेंटबॉलच्या बंदुकाही सुटल्या आहेत. ही सूट मला विचित्र वाटते. जिच्यातून काही सुटत नाही तिला बूच, आणि जिच्यातून छर्रा सुटतो ती मोकळी.

हा झाला संघराज्याचा कायदा. राज्यं आणि शहरं यांचे नियम वेगळे, आणि बरेचदा कडक. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१६ पासून एअरसॉफ्टच्या बंदुकांना तोंडाशिवाय अंगावरही ठरावीक जागी भडक रंग लागतो. त्याआधी २०१३ मध्ये तिथे १३ वर्षांचा मुलगा एके-४७ सारखी दिसणारी नक्कल घेऊन चालला होता आणि पोलिसांच्या गोळीने गेला. पुढच्याच वर्षी क्लीव्हलँडमध्ये १२ वर्षांचा मुलगा गेला. त्याच्याकडच्या एअरसॉफ्ट पिस्तुलाचं केशरी टोक निघालेलं होतं.

टिकली_फटाका
हे वाचून विनोद सुचेना.

वाघनख
पण केशरी टोकाने खरंच फरक पडतो का? खऱ्या पिस्तुलाला कोणीही केशरी रंग मारू शकतो. पोलिसांनी टोक बघून गाफील राहायचं का? माझ्या मते ते बूच निर्मात्याची जबाबदारी संपवण्यासाठी आहे, जीव वाचवण्यासाठी नाही.

पश्चिमवारा
वाघनख, अर्धं पटतं. म्हणूनच अंगभर रंगाकडे नियम सरकले. टोक झाकता येतं, पूर्ण हिरवी बंदूक झाकायला जरा कष्ट पडतात. तरी २०२० मध्ये कोलोरॅडोत एका १२ वर्षांच्या मुलाने ऑनलाइन वर्ग चालू असताना हिरव्या रंगाची खेळण्यातली बंदूक कॅमेऱ्यासमोरून नेली, तर शाळेने पोलीस घरी पाठवले आणि त्याला निलंबित केलं. हिरवी होती हो!

शेंडेफळ
अडगळराव, व्हिडिओ मीटिंगला पाठीमागे कपाट दिसतं का तुमचं? दिसत असेल तर आजच खुर्ची फिरवा.

अडगळराव
दिसतं. फिरवतो.

वकीलबाई
भारताबद्दल कोणीच बोलेना म्हणून. इथल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'इमिटेशन फायरआर्म' कलम ६ च्या स्पष्टीकरणात आहे. बंदुकीसारखी दिसणारी कोणतीही वस्तू, मग तिच्यातून काही सुटो वा न सुटो. कलम ६ म्हणतं, अशा वस्तूचं खऱ्या बंदुकीत रूपांतर परवान्याशिवाय करायचं नाही. आणि कलम २८ म्हणतं, स्वतःची किंवा दुसऱ्याची कायदेशीर अटक टाळण्यासाठी बंदूक किंवा तिची नक्कल कशीही वापरली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे अडगळराव, 'गोळी सुटत नाही' हा तुमचा लाडका युक्तिवाद त्या कलमापुढे पहिल्याच वाक्यात गार होतो.

दुसरं, कलम ४५(क). जुन्या घडणीची, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा मोडकी शस्त्रं, जी दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत, ती कायद्याच्या बाहेर. घरात आजोबांची गंजलेली ठासणीची बंदूक सापडली की लोक हे कलम पुढे करतात. पण 'दुरुस्त करूनही नाही' या शब्दांकडे बघा. ते ठरवणार कोण? तुम्ही नाही. आधी लेखी मत घ्या, मग भिंतीवर टांगा.

आणि नुसता कायदा वाचून थांबू नका, २०१६ चे शस्त्र नियम त्याच्यासोबत वाचावे लागतात. आयातीचा विषय तर सीमाशुल्क खात्याकडे वेगळाच.

(हा सल्ला नाही, गप्पा आहेत. सल्ल्याची फी असते.)

कोजागिरी
जपानचा उल्लेख आलाच पाहिजे, कारण या छंदाचं एक माहेरघर तेच.

तिथे खऱ्या पिस्तुलावर जवळपास पूर्ण बंदी, म्हणून साठच्या दशकात धातूच्या 'मॉडेल गन' फार लोकप्रिय झाल्या. आतली यंत्रणा खरी, सुटे करून जोडता येतील असे भाग. गुन्ह्यांत वापरल्या जायला लागल्यावर १९७१ मध्ये कायदा बदलला. पिस्तुलाच्या आकाराच्या धातूच्या नकलेची नळी बंद हवी आणि अंग पांढरं किंवा सोनेरी-पिवळं हवं. तसं नसेल तर नुसतं बाळगणंही गुन्हा. १९७७ मध्ये आणखी कडक नियम आले, या वेळी रोख रूपांतर करता येण्यावर होता. त्यानंतर उद्योगाने स्वतःची एसएमजी ही खूण सुरू केली, ती आजही नगावर बघायला मिळते.

परिणाम बघा कसा झाला. रंगाची अट धातूला होती, प्लॅस्टिकला नव्हती. मग सगळी कारागिरी काळ्या प्लॅस्टिककडे वळली, आत वजनासाठी धातूची भुकटी मिसळायला लागले आणि वरून निळसर झाक आणण्याची कला इतकी वाढली की हातात घेतल्याशिवाय कळत नाही. सोनेरी मुलाम्याची धातूची पिस्तुलं संग्राहक आता वेगळी जमवतात. लोकांना ती भडक वाटतात, मला आवडतात. कायद्याने दिलेला रंग आहे, काळ सांगतो.

एअरसॉफ्टच्या छर्र्याच्या ऊर्जेला तिथे ०.९८ ज्यूलची मर्यादा आहे, २००६ च्या दुरुस्तीपासून.

जुनाट_खटका
कोजागिरी, फार सुंदर माहिती. प्लॅस्टिकचं बरं आहे एका अर्थी, जस्ताला कीड लागते तशी त्याला लागत नाही.

निवडुंग
जस्ताला कीड?? हे काय नवीन?

जुनाट_खटका
अवांतर होतंय पण सांगतो. जुन्या जस्ताच्या ओतकामात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर दमट हवेत धातू आतून फुगतो, बारीक चिरा पडतात, शेवटी हातात चुरा येतो. जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या आणि मोटारींनाही हेच होतं. उपाय काहीही नाही. कोरड्या जागी ठेवून वेग कमी करता येतो इतकंच. म्हणून नग घेताना जोडाच्या आसपास केसासारख्या रेघा दिसतात का ते भिंगाने बघावं.

टिकली_फटाका
आणि माझ्या नावाला जागून टिकल्यांबद्दल. अडगळराव, बिडाच्या पिस्तुलात टिकली वाजवून तशीच कपाटात ठेवू नका. टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. वाजल्यावर जे क्षार आणि आम्ल मागे राहतं ते ओल ओढून घेतं आणि घोड्याखालचा भाग आधी खातं. तेल चोळून क्षार निघत नाहीत, ते पाण्यात विरघळतात. गरम पाण्याने ब्रश मारून धुवायचं, लगेच पूर्ण कोरडं करायचं, मग तेलाचा पातळ हात. मूळचा निकेलचा मुलामा असेल तर त्याला पॉलिश अजिबात लावू नका, एकदा गेला की गेला.

अडगळराव
मी इतकी वर्षं वाजवलेलीच नाहीत, पण मागच्या मालकांनी वाजवली असणार. आज सगळी उघडून बघतो.

वाघनख
धागा बंदुकांच्या कायद्यावरून भांडी घासण्यावर आला.

राईन_किनारा
परत कायद्यावर आणतो. जर्मनीची पद्धत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. १ एप्रिल २००८ पासून शस्त्र कायद्यात ४२अ हे कलम आहे. 'दिसायला शस्त्र' असलेली वस्तू सार्वजनिक जागी घेऊन फिरायची नाही. नाटक-सिनेमाला सूट, आणि कुलूपबंद पेटीतून नेत असाल तर सूट. घरातल्या कपाटाशी त्या कलमाला देणंघेणं नाही. सुताराचा मुलगा आणि उंबरठा, तुमचं दोघांचंही यात भागतं.

आणखी एक. युरोपच्या २००९ च्या खेळण्यांच्या निर्देशात 'ही खेळणी धरली जाणार नाहीत' अशी यादी आहे. त्यात १४ वर्षं आणि वरच्या संग्राहकांसाठी अशी स्पष्ट खूण असलेल्या वस्तू येतात, आणि उदाहरणांमध्ये खऱ्या बंदुकांच्या प्रतिकृती चक्क नावाने दिल्या आहेत. म्हणजे तिथे 'संग्राहक' हा प्राणी कायद्याने पाहिलेला आहे! पण त्याचा अर्थ एवढाच की खेळण्याच्या सुरक्षेचे नियम लागत नाहीत. शस्त्राचे नियम ज्या त्या देशाचे.

सुताराचा_मुलगा
जर्मनी पटलं. सही करायला तयार.

उंबरठा
मीही. स्क्रीनशॉट काढून ठेवा कोणीतरी.

ब्राझीलनट
संग्राहक कायद्यात नाहीच असं समजू नका. ब्राझीलच्या २००३ च्या निःशस्त्रीकरण कायद्याचं कलम २६ बघा. खऱ्या बंदुकीशी गल्लत होईल अशी खेळणी, प्रतिकृती, नकला बनवणं, विकणं, आयात करणं बंद. पण प्रशिक्षण, सराव आणि अधिकृत व्यक्तीचा संग्रह यांना सैन्याने ठरवलेल्या अटींवर सूट. पूर्ण बंदीत संग्राहकासाठी नावाने ठेवलेली खिडकी. ब्रिटनने हेच केलं असतं तर रेनकोट यांना गाऱ्हाणं राहिलं नसतं.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्येही असंच काहीसं. १ फेब्रुवारी २०२१ पासून जेल ब्लास्टर (पाण्याने फुगलेल्या मऊ गोळ्या उडवणारी खेळण्यातली बंदूक) धरून सगळ्या प्रतिकृतींना 'योग्य कारण' लागतं, आणि संग्रह हे योग्य कारण धरलं जातं. वापरात नसताना बंदोबस्तात ठेवायची. पण शेजारच्या राज्यात गेलात की खेळ बदलला.

नवाआयडी७७
धातूच्या ब्लँक पिस्तुलाची नळी मोकळी करायला कोणतं ड्रिल

संपादक मंडळ
वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. रूपांतर, नळी मोकळी करणं, बंद केलेली यंत्रणा पुन्हा चालू करणं यावर या संस्थळावर एक शब्दही चालणार नाही. धागा चांगला चाललाय, तसाच ठेवा.

रेनकोट
संपादकांचे आभार. पण यावरून संग्राहकांनी लक्षात ठेवायची एक गोष्ट. ब्लँक (म्हणजे गोळी नसलेलं, नुसता आवाज करणारं काडतूस) वाजवणारं पिस्तूल आणि न उडणारी नक्कल यांना एकाच कपाटात समजू नका. ब्रिटनच्या १९८२ च्या कायद्याप्रमाणे जी नक्कल सहज रूपांतरित होऊ शकते तिला खरीच बंदूक धरतात. २०२५ च्या फेब्रुवारीत इथे तुर्की बनावटीची, वरच्या बाजूने वायू सोडणारी काही ब्लँक पिस्तुलं परत करायची मुदत जाहीर झाली होती, कारण चाचण्यांत ती सहज बदलता येतात असं दिसलं. तोपर्यंत ती १८ वर्षांवरच्या कोणालाही विनापरवाना घेता येत होती. मुदतीनंतर घरात सापडलं तर प्रकरण थेट खऱ्या बंदुकीचं. यादी बदलत राहते, घेतली तेव्हा कायदेशीर होती हे पुरत नाही.

निकामी केलेल्या खऱ्या बंदुकाही अशाच वेगळ्या. ८ एप्रिल २०१६ पासून निकामी करण्याची युरोपभराची नवी मानकं आली, त्यामुळे जुन्या पद्धतीने निकामी केलेल्या ठेवता येतात पण जशाच्या तशा विकता येत नाहीत. संग्रह अडकून पडतो.

निवडुंग
बरं, मूळ प्रश्नाकडे येऊ या का? अडगळरावांनी विमानाने काय न्यायचं?

मेपलपान
केबिनमध्ये काहीही नाही, हे आधी. खरी समजली जाऊ शकेल अशी खेळण्यातली किंवा नकली बंदूक हातातल्या सामानात जवळपास सगळीकडे बंद आहे, मुलाच्या दप्तरातलं पिस्तूलसुद्धा. खालच्या सामानात विमान कंपनी चालवूनही घेईल, पण उतरल्यावर देशाचा कायदा वेगळाच उभा असतो. दोन्ही उत्तरं वेगवेगळी घ्या, आणि लेखी घ्या.

अडगळराव
सगळं वाचून काढलं. ठरवलं ते सांगतो.

धातूची आधुनिक पिस्तुलं कुठेच नेत नाही. मामेभाऊ याच नादातला आहे, ती त्याच्याकडे कुलपात राहतील, यादी आणि फोटोंसह. गारगोटीची दोन पिस्तुलं आणि ठासणीची एक लांब नक्कल दोन्ही देशांत चालतील असं दिसतंय, तरी लेखी विचारतोय. केशरी टोकांना हात लावत नाही. १८७३ च्या कोल्टचं मात्र समजेना. अमेरिकेत सुटली, ब्रिटनमध्ये?

मत बदललं का विचाराल तर रस्त्यापुरतं बदललं. कपाटापुरतं नाही.

रेनकोट
ब्रिटनची रेषा १८७० ची. कायदा साल विचारत नाही, दिसण्यावरून ती १८७० पूर्वीच्या प्रकारच्या घडणीची आणि यंत्रणेची वाटते का हे विचारतो. धातूच्या काडतुसाची रिव्हॉल्वर १८५७ पासून आहे, म्हणून काही जण कोल्टही बसते म्हणतात.

वकीलबाई
'काही जण म्हणतात' या आधारावर सीमा ओलांडू नये. मामेभावाकडे ठेवा.

अडगळराव
ठेवली. एक शेवटचं. किल्लीच्या साखळीला लावायची बारकी पिस्तुलं आहेत काही. त्यांना ती ३८ आणि ७० मिमीची सूट लागेल ना? आणि एक अर्ध्या मापाचं आहे.

राईन_किनारा
जर्मनीत मूळ बंदुकीपेक्षा ५० टक्क्यांनी लहान किंवा मोठी असेल तर ती 'दिसायला शस्त्र' धरत नाहीत, पण तुम्ही इकडे येतच नाही आहात.

रेनकोट
बारकी चालतील, दोन्ही मापं बसली तर. अर्ध्या मापाचं ७० मिमीच्या वर जाईल, मग त्याला आपोआप सूट नाही. आकार अवास्तव आहे का हे प्रत्येक नगापुरतं ठरेल. भावाकडे द्या.

अडगळराव
मोजपट्टी घेऊन बसलो. एकाची लांबी ६५, उंची ४१. आता?

जुनाट_खटका
घोडा ओढलेला आहे का? पाडून मोजा.

अडगळराव
३७!